सोसायटी ग्रामपंचायत हद्दीत आहे? मग ग्रामसभेत कसं जायचं, काय मागायचं, ठराव कसा करून घ्यायचा

पुण्याच्या कडेला मुळशी, हवेली, मावळ, खेड या तालुक्यांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत हजारो कुटुंबं फ्लॅट घेऊन राहायला आली. नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कल्याण-भिवंडी इथेही तेच. जाहिरातीत शहराचं नाव असतं, पण घर असतं ग्रामपंचायतीच्या हद्दीत. पाणी टँकरने येतं, कचऱ्याची गाडी चार दिवस फिरकत नाही, रस्त्यावर दिवा नसतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर सगळे महापालिकेच्या नावाने बोलत राहतात. त्या महापालिकेचा तिथे काडीचाही अधिकार नसतो.

ज्या ग्रामपंचायतीचा अधिकार असतो, तिथे मात्र शहरातल्या माणसाला कधीच न मिळणारी एक गोष्ट तुमच्या हक्काची आहे. वर्षातून किमान चार वेळा सरपंच आणि सगळा कारभार तुमच्यासमोर बसतो आणि तुम्ही उभं राहून प्रश्न विचारू शकता. त्याचं नाव ग्रामसभा. सोसायट्यांमधली फार थोडी माणसं तिथे जातात, आणि जी जातात त्यातली बरीच पहिल्याच सभेत ओरडून, वैतागून परत येतात. मी स्वतः अशाच एका गावात फ्लॅटमध्ये राहते आणि ग्रामसभेला नियमाने जाते. तिथे आवाजापेक्षा कागद चालतो हे एकदा लक्षात आलं की कामं होऊ लागतात. ते कागद कोणते आणि कुठल्या क्रमाने, ते पुढे सांगते.

१. आधी हद्द नक्की करा

पत्त्यात 'पुणे' आहे, पिनकोड ४११ ने सुरू होतो, यावरून काही ठरत नाही. इंडेक्स-२ वर, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीच्या गोषवाऱ्यावर, 'मौजे अमुक' (अमुक गाव) लिहिलेलं असतं, त्यावरूनही नाही. महापालिकेत जाऊन कित्येक वर्षं झालेल्या भागांच्या दस्तातही मौजे लिहितातच. घरपट्टीची पावती बघा. ती ग्रामपंचायतीची असेल, तर तुम्ही ग्रामपंचायतीत आहात. पावती अजून बिल्डरच्याच नावावर येत असेल, तर ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन नमुना ८ चा उतारा मागा. कोणाच्या नावावर किती चौरस फुटांची कर आकारणी झाली आहे, ते त्यात असतं. नाव चढलं नसेल तर खरेदीखताची प्रत जोडून लगेच अर्ज द्या.

पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, याबद्दलही गैरसमज असतो. २०१५ साली स्थापन झालेलं हे प्राधिकरण बांधकाम परवानग्या देतं, विकास आराखडा आणि मोठे रस्ते बघतं. पण त्यात तुमच्या वॉर्डातून निवडून गेलेला कोणी नसतो. रोजच्या कचऱ्याचा, गावातल्या दिव्यांचा जाब विचारायचा तो ग्रामपंचायतीलाच.

२. मतदार यादीत नाव असल्याशिवाय तुम्ही ग्रामसभेचे सदस्य नाही

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडतात, म्हणून हे नीट वाचा. फ्लॅटची मालकी, घरपट्टीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांपैकी कशानेही ग्रामसभेचं सदस्यत्व मिळत नाही. गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो सदस्य. त्यामुळे भाडेकरूसुद्धा सदस्य होऊ शकतो आणि व्हायलाच हवा, कारण टँकरचं पाणी तोही पितो. उलट चार फ्लॅटचा मालक, पण नाव यादीत दुसरीकडे, तर त्याला ग्रामसभेत मत नाही.

पहिल्यांदाच नोंदणी करत असाल तर नमुना ६ भरा. नाव दुसऱ्या मतदारसंघातून इकडे हलवायचं असेल, किंवा त्याच मतदारसंघात पत्ता बदलायचा असेल, तर नमुना ८. इथे नावांचा गोंधळ होतो: निवडणूक आयोगाचा नमुना ८ वेगळा आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना ८ वेगळा. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवरून घरबसल्या अर्ज करता येतो, किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे. हे काम बहुतेकदा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीताई करतात. पत्त्याच्या पुराव्याला नोंदणीकृत भाडेकरार, वीजबिल, बँक पासबुक चालतं. वयाची अठरा वर्षं पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. घरातल्या मुलामुलींचे अर्ज त्यानुसार करून टाका.

मूळ गावचं नाव काढायला मन धजत नाही, हे मी शेजारपाजारी खूप पाहिलं आहे. गावी भावकी आहे, जमीन आहे, निवडणुकीला जीप पाठवतात. पण दोन ठिकाणी नाव ठेवणं हा गुन्हा आहे. आणि मतदार यादीतलं नाव हलवल्याने सातबाऱ्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नाही. जिथे वर्षाचे तीनशे दिवस राहता, तिथे नाव असू द्या.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ग्रामपंचायत निवडणुकीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेचीच यादी घेऊन ती वॉर्डांप्रमाणे फोडली जाते. या फोडण्यात एखादी अख्खी इमारत पलीकडच्या वॉर्डात जाते. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतीसाठी मोजकेच दिवस मिळतात आणि हरकत तहसील कार्यालयात द्यायची असते. सोसायटीतल्या एका माणसावर ही यादी बघण्याची जबाबदारी आधीपासून टाकून ठेवा.

३. कोण कशाचं बघतं

ग्रामपंचायतीत लोकसंख्येनुसार ७ ते १७ सदस्य असतात, निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. एका वॉर्डातून सहसा दोन किंवा तीन सदस्य निवडून जातात, म्हणजे तुमचे सदस्यही दोन-तीन आहेत. त्या सगळ्यांची नावं आणि फोन नंबर माहीत असू द्या. सरपंचाची थेट जनतेतून निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ पासून पुन्हा लागू आहे.

कागदोपत्री सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे ग्रामसेवक. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं गेलं, पण गावात अजूनही सगळे 'भाऊसाहेब' किंवा ग्रामसेवकच म्हणतात. हा शासनाचा नोकर. सभेचं इतिवृत्त तोच लिहितो, हिशेब तोच ठेवतो. त्याच्या वर पंचायत समितीतले विस्तार अधिकारी आणि गटविकास अधिकारी, आणि त्यांच्या वर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी.

तक्रार चुकीच्या दारात नेली की महिने वाया जातात. म्हणून:

- कचरा, गटार, गावातले अंतर्गत रस्ते, रस्त्यावरचे दिवे, गावची नळयोजना, घरपट्टी, जन्म-मृत्यू नोंद: ग्रामपंचायत.
- सातबारा, फेरफार, अतिक्रमित सरकारी जमीन: तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि तहसीलदार.
- वीज: महावितरण.
- शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावांना जोडणारे बरेचसे रस्ते: जिल्हा परिषद.
- राज्यमार्ग: सार्वजनिक बांधकाम विभाग. औद्योगिक क्षेत्रातले रस्ते: एमआयडीसी.
- रेशनकार्ड: तहसीलचा पुरवठा विभाग.

सोसायटीच्या कुंपणाच्या आतले रस्ते आणि दिवे ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झालेले नसतील, तर त्यावर ग्रामपंचायतीला खर्च करता येत नाही. ते मागत बसलात तर सभेत तुमचं हसं होईल आणि पुढचा न्याय्य मुद्दाही कोणी ऐकणार नाही. पाण्याबाबत बांधकाम परवानगीची कागदपत्रं मिळवून वाचा. सरकारी योजना येईपर्यंत पाणी पुरवण्याचं हमीपत्र अनेक ठिकाणी बिल्डरने दिलेलं असतं. तसं असेल तर आधी त्याच्या मागे लागा.

४. सभेआधीचा अभ्यास

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे आणि २००९ मध्ये मिळवलेल्या सामूहिक वनहक्कामुळे सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या कामाचा पाया मात्र अभ्यासगट हा आहे. ग्रामसभेत निर्णय घेण्याआधी गावातली माणसं एकत्र बसून विषय समजून घेतात. सोसायटीत तीन-चार जणांनी इतकं केलं तरी पुरे आहे.

काय वाचायचं? ग्रामपंचायतीचे सगळे हिशेब ठरावीक नमुन्यांत ठेवलेले असतात. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ३ जमाखर्चाचं विवरण, नमुना ५ सामान्य रोकड वही, नमुना ९ कर मागणीची नोंदवही, नमुना २२ ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेची नोंद. 'हिशेब दाखवा' असं म्हणालात तर 'नंतर या' असं उत्तर मिळतं. 'नमुना १ आणि नमुना ३ ची प्रत हवी' म्हणालात की समोरच्याला कळतं, हा माणूस वाचून आला आहे.

पैसा येतो कुठून, तेही समजून घ्या. एक भाग घरपट्टी, पाणीपट्टी अशा स्वतःच्या उत्पन्नाचा. सोसायट्या आल्यापासून या गावांचं हे उत्पन्न खूप वाढलं आहे. या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. दुसरा भाग केंद्रीय वित्त आयोगाचा. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतींना दिला गेला, उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातले ६० टक्के 'बंधित' होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे. कचऱ्याच्या गाडीला पैसे नाहीत असं कोणी सांगितलं, तर त्या त्या वर्षीच्या बंधित निधीचं काय केलं, हा पहिला प्रश्न.

हे घरी बसून पाहता येतं. ईग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं निवडत गेलात की गावाचा विकास आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने हा आराखडा दरवर्षी करायचा असतो आणि त्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. तुमची मागणी आराखड्यातच नसेल, तर वर्षभर कितीही ओरडलात तरी त्यासाठी पैसा निघत नाही. पुढच्या वर्षीच्या आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. मोठं काम, म्हणजे पाण्याची टाकी, कचरा प्रक्रियेची जागा, मागायचं तर ही वेळ चुकवू नका.

सभेला जाताना पिशवीत काय असावं:

- मतदार ओळखपत्र आणि यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक
- चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती
- आधी दिलेल्या अर्जांच्या पोहोच घेतलेल्या प्रती
- मागच्या ग्रामसभेच्या ठरावांची नक्कल
- आराखड्याचं संबंधित पान, छापून
- जागेचे फोटो, मागे तारीख लिहून

घरपट्टीची थकबाकी असली म्हणून तुम्हाला सभेत बोलण्यापासून कोणी रोखू शकत नाही. पण 'आधी पट्टी भरा' हे वाक्य सभेत हमखास येतं आणि त्याने विषय तिथेच बुडतो. भरून जा.

५. विषय अजेंड्यावर आणा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास त्या होतात. योग्य कारणाशिवाय सभा घेतली नाही तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. नोटीस सात दिवस आधी निघते आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. दवंडी किंवा गावच्या ग्रुपवरही येते. सोसायटीपर्यंत ती सहसा पोहोचत नाही. 'नोटिशीची एक प्रत आमच्या सूचना फलकावर लावावी' असा अर्ज एकदाच देऊन ठेवा आणि शिपायाशी ओळख ठेवा. नोटीस घेऊन फिरणारा तोच असतो.

नोटिशीची वाट बघत बसू नका. सभेच्या पंधरा-वीस दिवस आधी विषय लेखी द्या. अर्ज एका पानाचा, एकाच विषयाचा:

"प्रति, मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत (गाव), ता. ___, जि. ___.
विषय : येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत विषय घेणेबाबत.
महोदय, आम्ही खालील सह्या करणारे या गावचे मतदार आहोत. शाळेपासून मारुती मंदिरापर्यंतच्या रस्त्यावर एकही दिवा नाही. संध्याकाळी क्लासहून येणारी मुलं आणि दुसऱ्या पाळीवरून परतणाऱ्या महिला याच रस्त्याने चालतात. सदर रस्त्यावर पथदिवे बसवण्याचा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा, ही विनंती."

खाली नाव, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि सही. मजकूर असाच ठेवा: जागा, अडचण, कोणाला त्रास, काय हवं. उपदेश आणि आरोप नकोत.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. 'ठेवून जा, शिक्का नंतर मारतो' असं सांगितलं तर तिथेच शांतपणे बसून राहा. तरीही देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पोहोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता, असं पुढे कुणीही म्हणू शकतं.

सोसायटीच्या लेटरहेडवर अध्यक्षांच्या एकट्याच्या सहीने अर्ज देण्याची सवय सोडा. ग्रामसभेत सोसायटीला मत नसतं, माणसाला असतं. चाळीस मतदारांच्या सह्यांचा अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जातो.

६. सभेच्या दिवशी

सभा शाळेच्या पटांगणात, मंदिराच्या सभामंडपात किंवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. दारात शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन बसलेला असतो. सही कराच, आणि वरच्या ओळीत आजच्या सभेची तारीख लिहिली आहे ना ते बघून करा. तारीख कोरी असलेल्या पानावर, किंवा सभेनंतर घरी आणलेल्या रजिस्टरवर कधीही सही करू नका. शेजाऱ्यांनाही हे सांगा. न झालेल्या सभेला गणपूर्ती अशाच सह्यांनी मिळते.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी हजेरी. तेवढी नसेल तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण त्यात नवा विषय घेता येत नाही. आता याचा अर्थ लक्षात घ्या. पहिली सभा रिकामी गेली की दुसऱ्या सभेत वीस-पंचवीस माणसांत सगळं मंजूर होतं. शंभर माणसं जमवणं दोन मोठ्या सोसायट्यांना अवघड नाही.

सभा सुरू होते मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याने. हे वाचन इतक्या वेगात होतं की मंडपात चहा फिरेपर्यंत 'मंजूर का?' 'मंजूर!' होऊनही जातं. इथेच कान उघडे ठेवा. मागच्या वेळी ठरलेलं नीट लिहिलं गेलं का, हे तपासायची हीच एक संधी. काही वगळलं असेल तर हात वर करून म्हणा, 'सरपंच साहेब, मागच्या सभेत पथदिव्यांचा ठराव झाला होता, तो वाचण्यात आला नाही. इतिवृत्तात दुरुस्ती करून घ्यावी.' सरपंच बाई असतील आणि त्यांच्या जागी त्यांचे पती उत्तरं देत असतील, तरीही प्रश्न ताईंनाच विचारा, त्यांच्याकडेच बघून. एक-दोन सभांत त्या स्वतः बोलू लागल्याचं मी पाहिलं आहे.

मग विषयपत्रिकेतले विषय क्रमाने, आणि शेवटी 'आयत्या वेळचे विषय'. अजेंड्यावर न आलेला मुद्दा इथे मांडता येतो. पण तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात, म्हणूनच पाचव्या पायरीचा एवढा आग्रह.

बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतील असं धरून चला. मराठीत बोला, नाव आणि वॉर्ड सांगून सुरुवात करा. तुमच्या इमारतीत इतर भाषक शेजारी असतील तर त्यांच्याजवळ बसून काय चाललं आहे ते समजावून सांगा. त्यांचंही मत तितकंच मोलाचं आहे.

सभेला जाण्याआधी गावाबद्दल थोडा विचार करायला हवा. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती गावातल्याच कोणाची तरी शेती होती. तुमच्या टँकरचं पाणी कुठल्या तरी शेजारच्या विहिरीतून येतं, आणि त्या विहिरीवर आधी ज्यांचा संसार चालायचा ते सभेत तुमच्या शेजारी बसलेले असतात. 'आम्ही एवढा टॅक्स भरतो' हे वाक्य त्यांच्या जिव्हारी लागतं, आणि सभेचे 'गाववाले' आणि 'सोसायटीवाले' असे दोन तट पडतात. पथदिवा, आरोग्य केंद्र, शाळेच्या खोल्या, कचरा हे दोघांचेही प्रश्न आहेत. वाडीवस्तीवरच्या एखाद्या आजींचा घरकुलाचा अर्ज अडला असेल तर तुम्ही उभं राहून त्याबद्दल बोला. पुढच्या सभेत तुमच्या ठरावाला अनुमोदन गावातून येईल. ठराव मांडणारा सोसायटीतला आणि अनुमोदक गावातला, असं झालं की तो ठराव सहसा अडत नाही.

महिलांसाठी आणखी एक वाट आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं कायद्याने आवश्यक आहे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच उरकतात. ती खरोखर घ्यावी असा आग्रह धरा. बाजूला बसणाऱ्या बायका तिथे मोकळेपणाने बोलतात, आणि तिथे झालेली शिफारस ग्रामसभेपुढे ठेवावी लागते.

७. ठराव शब्दाशब्दाने लिहून घ्या

चर्चा छान झाली, सरपंच म्हणाले 'करून टाकू', टाळ्या झाल्या, आणि प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, एक ओळही नाही. हा सगळ्यात मोठा सापळा. 'करून टाकू' याला किंमत नाही. ठरावाला क्रमांक लागतो, सूचक लागतो, अनुमोदक लागतो. मसुदा घरून लिहून न्या आणि वाचून दाखवा:

"शाळा ते मारुती मंदिर या रस्त्यावर पथदिवे बसवण्याचे काम चालू वर्षाच्या आराखड्यात घ्यावे, त्याचे अंदाजपत्रक पुढील ग्रामसभेपूर्वी तयार करावे व झालेल्या कार्यवाहीचा अहवाल पुढील ग्रामसभेत वाचावा, असे सर्वानुमते ठरले. सूचक : ___ अनुमोदक : ___"

काम, मुदत आणि अहवाल या तीनही गोष्टी ठरावात हव्यात. राज्यमार्गाबद्दल किंवा वीजवाहिनीबद्दल ग्रामसभा हुकूम देऊ शकत नाही. तिथे 'संबंधित विभागाकडे ठरावाची प्रत पाठवून मागणी करावी' असे शब्द हवेत. तरीही त्या कागदाला वजन असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्यासाठी परिपत्रक काढलं.

उठण्यापूर्वी भाऊसाहेबांजवळ जाऊन ठराव लिहिला गेला का ते नम्रपणे बघा.

८. पाठपुरावा

सभेनंतर आठवड्याभरात ठरावाच्या नक्कलेसाठी अर्ज करा. मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर माहिती अधिकार. जोडपत्र 'अ' मधला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. 'ठराव का अंमलात आणला नाही?' असं विचारू नका. माहिती अधिकारात 'का' ला उत्तर मिळत नाही. 'अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची आणि हजेरीपटाची साक्षांकित प्रत' असं कागदाचं नाव घेऊन मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अपील कोणाकडे करायचं त्याचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. तिथेही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग.

मात्र माहिती अधिकाराने सुरुवात करू नका. आधी भेट, मग अर्ज, मग स्मरणपत्र, आणि त्यानंतर हे. पहिल्याच दिवशी जोडपत्र 'अ' टेकवलं की कार्यालयातली माणसं वर्षभर अंग राखून वागतात.

काम अडलंच तर गटविकास अधिकाऱ्यांना ठरावाची प्रत जोडून पत्र द्या. तहसीलला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस असतो, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. आधी तालुक्याला अर्ज केलेला असेल तरच जिल्ह्याला घेतात. पथदिवे, बसथांबा, अभ्यासिका यांसाठी आमदारांचा स्थानिक विकास निधीही मागता येतो, आणि तिथेही ग्रामसभेचा ठराव जोडला की मागणी जड होते.

९. निवडणूक

स्वतः उभं राहायचं असेल तर वय २१ पूर्ण, नाव गावच्या यादीत, ग्रामपंचायतीची थकबाकी नको आणि दोन अपत्यांची अट. राखीव जागेवर जात पडताळणी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी करा. मतदान करताना सरपंचासाठी एक मत आणि वॉर्डातल्या प्रत्येक जागेसाठी एकेक मत असतं. बरेच लोक एकच बटण दाबून निघतात.

थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास आणला, तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने संमत व्हावा लागतो. अशी विशेष ग्रामसभा लागली तर घरात बसू नका.

१०. गाव महापालिकेत जाणार असेल तर

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांची वेगळी नगर परिषद झाली. हद्दवाढ झाली की ग्रामपंचायत बरखास्त होते आणि ग्रामसभाही संपते. महापालिकेचं पाणी येईल या आशेने बरेच जण खूश असतात, पण नगरसेवक निवडून येईपर्यंत मधल्या काळात विचारायला जवळचं कोणीच राहत नाही.

प्रारूप अधिसूचना निघाली की हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. ग्रामसभेत चर्चा घडवून तुमचं म्हणणं लेखी द्या, बाजूने असो वा विरोधात. त्याच सुमाराला घरपट्टीच्या नमुना ८ चा साक्षांकित उतारा, घरपट्टीच्या सगळ्या पावत्या आणि तुमच्या भागाबद्दलच्या ठरावांच्या नकला घेऊन ठेवा. दप्तर एकदा हललं की हे कागद शोधून देणारा माणूस सापडत नाही, आणि नवी कर आकारणी करताना महापालिका हेच मागते. पुणे महापालिकेत नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे, त्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात. ग्रामसभेत मंजूर होऊन राहिलेली कामं, ठरावाची नक्कल जोडून, पहिल्याच वर्षी तिथे सुचवा.